नजीर सर आणि हॉलंडची पोरं

नजीर पिंजारी यांनी धुळ्याच्या एका मराठी हायस्कुलात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. व्याकरण असं पक्कं करून घ्यायचे, की त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा पुढे गॅरेज काढून बसला तरी कर्मणी प्रयोग विसरायचा नाही. फळ्यावर त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं. काळांचा तक्ता काढताना त्यांना पट्टीसुद्धा लागायची नाही.

पण एवढ्या वर्षांत नजीर सर इंग्रजीत कुणाशी बोलले मात्र नव्हते. बोलणार तरी कुणाशी? स्टाफरूममध्ये मराठी, घरी दखनी वळणाची उर्दू, पाचकंदीलच्या बाजारात अहिराणी. इंग्रजी फळ्यावर लिहायचं आणि वह्यांत तपासायचं, एवढाच त्यांचा तिच्याशी संबंध. बोलायची वेळ तशी एकदा आली होती. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. धुळ्याच्या बसस्टँडवर पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक गोरा प्रवासी सरळ त्यांच्याचकडे आला आणि काहीतरी विचारू लागला. सरांना एक शब्द कळला नाही. हातातला वह्यांचा गठ्ठा सावरत, आपली बस सुटतेय असं दाखवत ते झपाझप पुढे निघून गेले. बस सुटायला अर्धा तास होता. तो अर्धा तास त्यांनी रसवंतीच्या मागे उभं राहून काढला. ही गोष्ट त्यांनी बायकोला, नूरबींना तेवढी सांगितली होती.

सर निवृत्त झाले. सकाळी फिरणं, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी गल्लीतल्या दहावीच्या मुलांना फुकट शिकवणी, असे दिवस बरे चालले होते. तीन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या शेवटी, त्यांना जळगावहून ललितचा फोन आला.

ललित त्यांचा जुना विद्यार्थी. आता तो जळगावच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात प्राध्यापक होता.

“सर, एक काम होतं. नाही म्हणू नका,” ललित म्हणाला. “हॉलंडच्या एका विद्यापीठाची एमबीएची मुलं आमच्याकडे येताहेत. चौदा जण. दहा दिवसांचा अभ्यासदौरा आहे. त्यांच्या कोर्सचाच भाग असतो तो. परदेशात जायचं, एखादा लहानसा धंदा जवळून बघायचा, तो चालवणाऱ्यांशी बोलायचं आणि शेवटी यात काय सुधारता येईल ते त्यांना सांगायचं.”

“बरं. मग मी काय करू?”

“आम्ही त्यांना सावखेड्याचा बायकांचा गट दिलाय. पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बिबड्या करतात त्या, ज्वारीच्या. पुण्याचा एक दुभाषी ठरवला होता. त्यानं बायकांशी फोनवर बोलून बघितलं आणि हातच टेकले. म्हणाला, ही मराठी मला कळत नाही.”

“मराठी कुठे आहे ती? अहिराणी आहे.”

“तेच ना सर! आणि फोनमधल्या भाषांतराला अहिराणी येत नाही. अहिराणी आणि इंग्रजी दोन्ही येणारा माणूस मला तरी तुमच्याशिवाय दुसरा ठाऊक नाही.”

अहिराणी सरांना वडिलांमुळे आली होती. वडील कापूस पिंजायचे. शाळेला सुट्टी लागली की छोटा नजीर त्यांच्याबरोबर गावोगाव जायचा. पिंजायची धनुकली बापाच्या खांद्यावर, सुई-दोऱ्याची थैली पोराच्या. कुणाच्याही ओसरीवर बसून गाद्या-उशा भरून द्यायच्या, त्याच घरी भाकरी खायची. त्या ओसऱ्यांवर ती भाषा त्यांच्या कानांत गेली ती कायमची.

सरांनी ललितला “बघतो” म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. बघणार काही नव्हते. नाहीच म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नूरबी पलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाल्या, “जाओ ना जी. तेहतीस साल बच्चों को यही बोलते रहे ना, खडे रहके बोलो, डरो मत?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ललितला होकार कळवला. मग पुढचे तीन आठवडे ते पहाटे गच्चीवर फेऱ्या मारत स्वागताचं भाषण पाठ करत होते. शेजारच्या बाईंनी नूरबींना काळजीनं विचारलं, “सरांची तब्येत बरी आहे ना?”

मुलं फेब्रुवारीच्या अखेरीला आली. जळगावच्या कॉलेजच्या हॉलमध्ये सरांनी स्वागताचं भाषण केलं. एकही शब्द अडखळला नाही. टाळ्या पडल्या. सरांना वाटलं, जमलं की! मग मुलांबरोबर आलेल्या प्राध्यापकबाई उठल्या आणि बोलू लागल्या. त्यांच्या बोलण्यातले सरांना ‘इंडिया’ आणि ‘थँक यू’ एवढेच शब्द कळले. ते मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बस सावखेड्याला पोचली तेव्हा सात वाजायचे होते. बिबड्यांचं काम उजाडताच चालू होतं. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजत होता. त्यात लसूण, मिरची, तीळ. चुली जमिनीवर. दोन बायका वाकून लांब लाकडी चाटूनं तो घट्ट घाटा ढवळत होत्या. बाकीच्या गच्चीवर ओल्या धोतरावर हातानं एकेक बिबडी, पापडासारखी पातळ, थापत होत्या. चौदा पोरं-पोरी मोबाइल काढून बघत उभ्या राहिल्या.

गटाच्या प्रमुख ताईबाई पासष्टीच्या. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत. सरांचं नाव कळल्यावर त्यांनी त्यांना वरून खाली न्याहाळलं.

“पिंजारी? धुळानं पिंजारीबाबा येयेत आम्हना गावले. त्यास्ना तू कोन?”

“मुलगा. धाकला.”

“मना लगीनन्या गाद्या त्यास्नीच भऱ्यात!” ताईबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि सगळ्या बायकांना सांगत सुटल्या. आपल्या लग्नाच्या गाद्या भरणाऱ्याचा हा पोरगा. तेवढ्यानं काम झालं. बायका सरांशी मोकळ्या झाल्या, त्यांना ‘मास्तर’ म्हणू लागल्या.

मग सभा भरली. बायका सतरंजीवर, मुलं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मध्ये सर. पहिले प्रश्न सोपे होते. गट कधी सुरू झाला, किती जणी, माल कुठे जातो. सर एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत सांगत होते आणि ते कळतही होतं. मग येरून नावाचा एक मुलगा उठला. साडेसहा फूट उंच, हातात लॅपटॉप. त्यानं विचारलं, तुमच्या धंद्यातले ‘पेन पॉइंट्स’ कोणते?

सरांनी हा शब्द आयुष्यात कधी वाचला नव्हता. पण ‘पेन’ म्हणजे दुखणं आणि ‘पॉइंट’ म्हणजे जागा, यात शंका नव्हती. ते बायकांकडे वळले आणि म्हणाले, “तो ईचारस, काम करता करता तुमले कोठे कोठे दुखस?”

बायका क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या आणि खळखळून हसल्या. असं आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बँकेचे साहेब येऊन गेले होते, पंचायत समितीचे येऊन गेले होते, सगळ्यांनी माल किती निघतो तेच विचारलं होतं. ज्योती गटातली सगळ्यांत लहान. ती आधी बोलली, मनगट दुखतं म्हणाली. मग पुष्पाबाईंनी पदर सारून खांदा दाखवला. चाटू ढवळून ढवळून तो वर जात नव्हता, वेणी घालायला सून लागत होती. कुणाची कंबर, कुणाचे धुरानं लाल झालेले डोळे. शेवटी ताईबाई म्हणाल्या, “पाच जन्या तर याच दुखनाथीन घर बसन्यात. आते काय सांगू तुले, मास्तर!”

सरांनी सगळं इंग्रजीत सांगितलं. खांदा, कंबर, मनगट, डोळे, घरी बसलेल्या पाच जणी. मुलं गोंधळल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. येरूननं पुन्हा विचारलं, “म्हणजे शरीर दुखतं?” सर ठामपणे म्हणाले, “येस. शरीर.” मुलांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी कॉलेजच्या गेस्टहाउसमध्ये चहा घेताना ललितनं सहज विचारलं, “आज कसं झालं, सर?” सरांनी सांगितलं. ‘पेन पॉइंट’ ऐकल्यावर ललितनं कप खाली ठेवला.

“सर, त्याचा अर्थ तसा नाही. म्हणजे... धंद्यातल्या अडचणी. माल विकला जात नाही, कच्चा माल वेळेवर येत नाही, असलं काही.”

सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “ललित, उद्यापासून दुसरा कुणी बघ. मी सकाळच्या एसटीनं धुळ्याला जातो.”

“दुसरा कोण मिळणार सर?”

“मी चौदा पोरांचा एक दिवस वाया घालवला रे. आणि त्या बायकांचा.”

ललितनं खूप समजावलं. सर ऐकत राहिले, पण त्यांना खात होतं ते वेगळंच. चूक झाली याहूनही, चूक सांगायची कशी आणि कोणत्या इंग्रजीत, हाच पेच होता. शेवटी त्यांनी वहीचं एक पान काढलं आणि चार वाक्यं लिहिली. जायचं असेल तर सांगून जायचं, एवढं त्यांनी नक्की केलं.

सकाळी मुलं बसमध्ये बसल्यावर सर पुढे उभे राहिले आणि ती चार वाक्यं त्यांनी वाचून दाखवली. काल मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला. चूक माझी आहे, बायकांची नाही. मी पुस्तकातून इंग्रजी शिकलो. मला माफ करा.

तिसऱ्या रांगेतली एक बुटकी मुलगी उठली. तिचं नाव लान. व्हिएतनामहून ती हॉलंडला शिकायला गेलेली. ती म्हणाली, आणि सावकाश म्हणाली म्हणून सरांना शब्द न् शब्द कळला, “सर, मीही पुस्तकातूनच शिकले. गेल्या वर्षी वर्गात हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, डॉक्टरकीबद्दल बोलताहेत.” मग ती मागे वळली आणि तिनं विचारलं, “आपल्यात घरी इंग्रजी बोलणारं कोण आहे?”

एकही हात वर झाला नाही. येरूनच्या घरी डच. कुणाच्या घरी पोलिश, कुणाच्या स्पॅनिश. प्राध्यापकबाईसुद्धा हसत मान हलवत होत्या.

सर बघतच राहिले. तेहतीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की इंग्रजी ही कुणा दुसऱ्याच्या घरातली भाषा आहे आणि आपण दारात उभे आहोत. आज अख्खी बसच दारात उभी निघाली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ड्रायव्हरला सांगितलं, “चला, काढा गाडी.”

वाटेत लान त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिची आजी तांदळाच्या पातळ पापड्या करायची. पीठ कापडावर पसरायचं, वाफवायचं आणि बांबूच्या ताटीवर वाळवायचं. जवळजवळ हेच काम. “आजीचाही खांदा गेला होता,” ती म्हणाली. “मग मामानं चूल कमरेएवढी उंच करून दिली. काल बायकांनी सांगितलं ना, ते ऐकून मला रात्री आजीची आठवण आली. तुमचा प्रश्न मला बरोबरच वाटतो.”

गावात पोचल्यावर लाननं मोबाइलवरचा आजीचा व्हिडिओ ताईबाईंना दाखवला. सात-आठ बायका त्या एवढ्याशा पडद्यावर वाकल्या. ताईबाईंनी तो तीनदा बघितला. “बुढी आमन्यासारखीच शे,” त्या म्हणाल्या. सरांनी ते लानला सांगितलं तेव्हा ती मान खाली घालून हसली.

पुढचे दोन दिवस मुलांमध्ये वाद चालला होता. येरूनचं म्हणणं, चांगलं पॅकिंग करू, नाव ठेवू, माल परदेशात पाठवू. लानचं म्हणणं, आहे तेवढाच माल काढताना बायका मोडून जाताहेत, जास्त माल कुठून काढणार? पाचव्या दिवशी मारुतीच्या पारावर सगळे जमले. येरूननं आपलं म्हणणं मांडलं, लाननं तिचं मांडलं. सरांनी दोन्ही अहिराणीत सांगितलं. एखादा शब्द अडला की आता ते लपवत नव्हते. हात वर करायचे, “म्हणजे काय?” म्हणून विचारायचे, आणि पोरं सोप्या शब्दांत सांगायची.

ताईबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सरांकडे न बघता थेट येरूनकडे बघून बोलल्या. त्याला कळणार नाही हे ठाऊक असूनही त्याच्याशीच बोलल्या. सर त्यांच्या मागोमाग इंग्रजीत सांगत गेले. खोकं चांगलं शे, नाव बी चांगलं शे, भाऊ. पन पहिले चूल उंच करा. चूल उंच झाली तर घरी बसलेल्या पाच जणी उद्या परत येतील. पाच जणी आल्या तर माल वाढेल. मग तुझी खोकी भरू.

येरूननं लॅपटॉप मिटला. मग त्यानं विचारलं, “चूल बांधायला किती वेळ लागतो?”

गावातला गवंडी पंडित पारावरच बसला होता. तो म्हणाला, “विटा शेतस. आजच बांधी देस.”

त्या दुपारी एमबीएच्या चौदा विद्यार्थ्यांनी विटा वाहिल्या. चिखल कालवला. प्राध्यापकबाईंनी पायजम्याचे पाय वर दुमडून पाणी आणलं. पंडितनं कमरेचं माप घ्यायला जवळ उभ्या असलेल्या येरूनला बोलावलं आणि त्याच्या कमरेला दोरी लावून खूण केली. चूल बांधून झाली. ताईबाई चाटू घेऊन पुढे झाल्या, तर पातेल्याचा काठ त्यांच्या हनुवटीला! बायका इतक्या हसल्या की कुणाकुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पंडित म्हणाला, “मी काय करू, मापच हॉलंडनं शे.” वरचे थर काढून ती चूल दुसऱ्या दिवशी ताईबाईंच्या मापानं पुन्हा बांधली. धूर बाहेर जाईल असं पत्र्याचं धुरांडंही बसवलं.

मुलं गेली. दीड महिन्यानं ज्योतीचा सरांना फोन आला. पाचांतल्या चौघी कामावर परत आल्या होत्या. पुष्पाबाईंचा खांदा काही पूर्ण बरा झाला नाही, त्या आता बिबड्या मोजायच्या आणि बांधायच्या कामाला बसतात. येरूनचं खोकंही झालं, पुढच्या वर्षी. त्यावर चुलीचं चित्र आहे. माल जळगाव आणि नाशिकच्या दुकानांत जातो. परदेशात अजून गेला नाही, आणि त्याची कुणाला घाईही नाही.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत मुलांची एक तुकडी येते आणि दर फेब्रुवारीत नजीर सर आठवडाभर जळगावला जातात. कॉलेज मानधन देतं, पण त्याहून सरांना आवडतं ते पहिल्या सकाळचं बसमधलं बोलणं. भाषण ते आता पाठ करत नाहीत. उभे राहतात आणि म्हणतात, माझं इंग्रजी सावकाश आहे, तुमचं जोरात आहे, मध्ये कुठेतरी भेटू. पोरं हसतात. एका इटालियन मुलानं त्यांना सांगितलं, वर्गात प्राध्यापकांचं बोलणं मला निम्मं कळतं, तुमचं सगळं कळतं. सरांनी हे नूरबींना फोनवर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.

लान आता हनोईत एका कंपनीत आहे. कधीमधी तिचा ईमेल येतो. त्यात एखादं ‘द’ किंवा ‘ॲन’ राहिलेलं असतं. सर ते सुधारून परत पाठवतात. तिला राग येत नाही. उलट नोकरीचा अर्ज तिनं आधी सरांनाच पाठवला होता.

यंदा सर पहिल्यांदाच नूरबींना बरोबर घेऊन गेले. सावखेड्यात दुपारी पाहुण्यांना भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. एका मेक्सिकन मुलीला भरताचा ठसका लागला तर नूरबींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गुळाचा खडा पुढे केला. त्या पोरीनं त्यांना स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं, नूरबींनी त्यांच्या दखनीत काहीतरी म्हटलं आणि दोघी जोडीनं जेवायला बसल्या. सर पलीकडच्या पंगतीत होते. कुणीतरी त्यांना हाक मारली, सर, त्या दोघी काय बोलताहेत ते सांगा ना.

सर भाकरी मोडत म्हणाले, “जेवू दे रे. त्यांचं चाललंय ते बरं चाललंय.”